स्पीकिंगसाठी घ्या, रायटिंगसाठी पैसे घालवू नका

आधी निकाल सांगते, मग सविस्तर. आयईएलटीएस, म्हणजे परदेशातल्या ॲडमिशन-व्हिसासाठी द्यावी लागणारी इंग्रजीची परीक्षा, तिच्या स्पीकिंग-रायटिंगचं ऑनलाइन कॉम्बो पॅकेज मी घेतलं होतं, लाइव्ह मॉक (माणसासमोरची सराव परीक्षा) प्लस एआय बॉट प्लस एसे चेकिंग असं सगळं एकत्र वालं, नाव मुद्दाम घेत नाहीये कारण असलं पॅकेज विकणारे बरेच आहेत आणि खाली जे लिहितेय ते कुठलंही घेताना तपासून बघता येईल. तर स्पीकिंगला 5 पैकी साडेचार, रायटिंगला दीड आणि तो दीडसुद्धा एका चेकरमुळे, नाहीतर एकच दिला असता.

मुळात असलं पॅकेज घ्यायची वेळ का येते तर रीडिंग आणि लिसनिंगचं आपलं आपल्याला कळतं, उत्तरं ताडून बघितली की झालं. बोलणं आणि लिहिणं दुसऱ्या कोणीतरी ऐकल्या-वाचल्याशिवाय कळतच नाही किती पाण्यात आहोत ते, आणि बहुतेकांचं घोडं अडतं ते तिथेच, बाकी तीन सेक्शनला 9 पैकी 7-7.5 बँड (इथे गुणांना बँड म्हणतात) आणि रायटिंगला 6 असले स्कोअरकार्ड किती बघितलेत. म्हणजे गरज खरी आहे, आणि गरज खरी असली की विकणारे काहीही विकतात हे पण खरंय.

आता लाइव्ह मॉकबद्दल, कारण खरं सोनं तिथे आहे. व्हिडिओ कॉलवर एक माणूस समोर येतो आणि खऱ्या टेस्टसारखीच 11 ते 14 मिनिटांची पूर्ण फेरी घेतो. पहिला पार्ट 4-5 मिनिटं ओळखीचे विषय, घर, काम, अभ्यास, छंद वगैरे. दुसऱ्यात क्यू कार्ड, म्हणजे विषय आणि मुद्दे लिहिलेलं कार्ड, 1 मिनिट तयारीला आणि मग 1 ते 2 मिनिटं आपण एकट्याने बोलायचं. तिसऱ्यात परत 4-5 मिनिटं त्याच विषयाला धरून जरा जड प्रश्न. हे सगळं कुठेही वाचायला मिळतं, त्यात नवीन काही नाही, पण वाचणं वेगळं आणि समोरचा माणूस चेहऱ्यावरची रेषही न हलवता आपल्याकडे बघत बसलेला असताना बोलणं वेगळं. माझ्या पहिल्या मॉकचा एक्झामिनर इतका कोरडा होता की मला वाटलं याला माझं काहीच पटत नाहीये, नंतर फीडबॅकच्या वेळेला तोच माणूस एकदम मोकळा, हसून बोलणारा, तेव्हा त्याने सांगितलं की टेस्टमध्ये एक्झामिनर व्हेरी गुड, एक्सलंट असलं काही म्हणत नाही, त्यामुळे प्रॅक्टिसमध्येही ती सवय लावून घेऊ नका. हे फार कामाचं निघालं. नंतरच्या एका मॉकला दुसरा ट्यूटर मिळाला जो दर वाक्याला वाह वाह करत होता, ऐकायला छान वाटलं पण तयारी म्हणून शून्य, त्यामुळे स्लॉट बुक करताना ट्यूटर निवडता येत असेल तर कोरडा निवडा.

अजून एक, 2 मिनिटं झाली की मधेच तोडणं. क्यू कार्डवर बोलताना आपण रंगात आलेलो असतो आणि तो थँक यू म्हणून थांबवतो, पहिल्यांदा होतं तेव्हा गडबडायलाच होतं. पण टेस्टला असंच होतं, वेळ संपली म्हणून थांबवतात, काही चुकलं म्हणून नाही, आणि मग त्याच विषयावर एखाददुसरा छोटा प्रश्न टाकून पुढे जातात. फुकटच्या स्पीकिंग पार्टनरसोबत प्रॅक्टिस केली तर हे कोणी करत नाही, तो बिचारा ऐकत बसतो, आपण पाच-पाच मिनिटं बोलतो आणि वाटतं वा काय फ्लुएन्सी आलीये. उलट्या बाजूने ज्यांचं 40 सेकंदात सगळं बोलून संपतं त्यांनाही इथे बरोबर कळतं कुठे अडतंय ते. तयारीच्या त्या एका मिनिटात कागदावर वाक्यं लिहायला गेलं की संपलंच, कार्डावरच्या मुद्द्यांसमोर फक्त एकेक शब्द लिहायचा, माझ्या ट्यूटरने हे सांगून नाही तर करवून घेऊन बसवलं, परत परत नवीन कार्ड देऊन.

पार्ट थ्रीसाठी मात्र माणूसच पाहिजे, दुसरं काही चालतच नाही. कारण तिथे तो आपल्या उत्तरातूनच पुढचा प्रश्न काढतो. लोक शहरात का जातात विचारल्यावर आपण नोकरीसाठी म्हणून मोकळे होतो, मग तो विचारतो की नोकऱ्या गावातच नेल्या तर माणसं राहतील का, पन्नास वर्षांपूर्वी हेच चित्र होतं का, आणि इथे पाठ केलेलं सगळं गळून पडतं. पाठांतर करणाऱ्यांनी हे नीट ऐका, ऑफिशियल बँड डिस्क्रिप्टर्समध्ये (कुठल्या बँडला काय लागतं त्याच्या तक्त्यात) पाठ केलेल्या उत्तरांचा विचार केलेलाच आहे, एक्झामिनरला ते ओळखायचं ट्रेनिंग असतं आणि पार्ट टूमध्ये घडाघडा बोलणारा माणूस पार्ट थ्रीमध्ये अं अं करायला लागला की काय ते कोणालाही कळतंच. प्रश्न समजला नाही तर परत विचारायला सांगण्यात काही कमीपणा नाही. पार्ट वनमध्ये प्रश्न परत म्हणून दाखवतात पण समजावून सांगत नाहीत, पार्ट थ्रीमध्ये मात्र वेगळ्या शब्दांत विचारू शकतात. हा फरक मला ट्यूटरकडूनच कळला.

रिपोर्ट मिळतो तो चारही निकषांवर वेगवेगळा, फ्लुएन्सी अँड कोहिअरन्स, लेक्सिकल रिसोर्स, ग्रामर रेंज अँड ॲक्युरसी आणि प्रोनन्सिएशन, आणि चारही निकषांना सारखंच वजन असतं हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, ते नुसते अवघड शब्द गोळा करत बसतात. रेकॉर्डिंग सोबत देतात आणि चूक कुठल्या मिनिटाला झाली ते लिहिलेलं असतं, हा माझ्यामते सगळ्या पॅकेजमधला सगळ्यात भारी भाग. स्वतःचा आवाज ऐकायला नको वाटतं, मान्य, पण ऐका. आपल्या मराठी लोकांच्या चुका अगदी ठरलेल्या असतात, अ, ॲन, द गाळायचे कारण आपल्या भाषेत ते नाहीतच, डिस्कस अबाउट म्हणायचं, आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स म्हणायचं, आणि वेट आणि व्हेट दोन्ही सारखेच म्हणायचे. ट्यूटरने ॲक्सेंट बदलायला अजिबात सांगितलं नाही आणि ते बरोबरच आहे, ॲक्सेंट कुठलाही चालतो, समोरच्याला कष्ट न पडता कळलं पाहिजे एवढंच. जे क्लासवाले ब्रिटिश ॲक्सेंट शिकवतो म्हणून वेगळी फी लावतात त्यांच्यापासून लांब राहा, जीभ वळवून बोलण्याच्या नादात निम्मे शब्द गिळले जातात आणि मग खरंच मार्क जातात. त्यापेक्षा वाक्यात जोर कुठल्या शब्दावर द्यायचा, आवाज कुठे खाली आणायचा याच्यावर काम करा, आपण सगळं एकाच सुरात बोलतो हे रेकॉर्डिंग ऐकल्याशिवाय पटत नाही.

साडेचारच का, पाच का नाही, तर स्लॉट मिळत नाहीत. संध्याकाळचे तर उघडल्या उघडल्या जातात. आणि एकदा ट्यूटरने ऐनवेळी कॅन्सल केलं, क्रेडिट परत आलं पण टेस्ट जवळ आलेली असताना क्रेडिट घेऊन काय करू.

एआय स्पीकिंग बॉटबद्दल थोडक्यात. प्रश्न विचारतो, आपण बोलतो, तो लिहून काढतो आणि बँड देतो. गंमत अशी की लिहून काढतानाच तो आपल्या चुका दुरुस्त करून टाकतो, मी मुद्दाम ही गो, शी गो करत बोलून बघितलं तर स्क्रीनवर बरंचसं ही गोज, शी गोज आलेलं, मग ग्रामरला कसला डोंबलाचा बँड देणार तो. अडखळणं, अं अं करणं हेही बऱ्यापैकी गाळतो. पण तोंड उघडायची भीती घालवायला, रोज पार्ट वनचे प्रश्न कोणाला त्रास न देता करायला ठीक आहे, त्याने दिलेल्या आकड्याकडे बघू नका एवढंच. पीटीई ही दुसरी इंग्रजीची परीक्षा देणाऱ्यांना याचा उपयोग जास्त होईल कारण तिथे बरंचसं स्कोअरिंग मशीनच करतं आणि सलग 3 सेकंद गप्प बसलं की माइक बंद होतो, ते न थांबता बोलायचं वळण मशीनसमोरच लागतं. आयईएलटीएसला मात्र कॉम्प्युटरवरची टेस्ट घेतली तरी स्पीकिंग माणसासमोरच असतं, समोरासमोर किंवा व्हिडिओ कॉलवर.

आता रायटिंग. इथे मी खरंच वैतागले.

एसे टाकला की काही सेकंदात बँड येतो, पहिल्यांदा बघून वाटतं जादू आहे. मग मी तोच एसे, एक स्वल्पविरामही न बदलता परत टाकला आणि बँड अर्ध्याने बदलला. आता अर्धा बँड म्हणजे काय ते ज्याचं ॲडमिशन किंवा व्हिसा 6.5 आणि 7 च्या मधे अडकलंय त्याला विचारा. बरं आकडा सोडा, सल्ला तरी बरा असावा, तर सल्ला काय तर कनेक्टर वाढवा. मोअरओव्हर, फर्दरमोअर, इन ॲडिशन, दर वाक्याच्या सुरुवातीला एक. मी ऐकलं आणि टाकले, बँड वर गेला. म्हणजे मशीन खूश. आणि ऑफिशियल डिस्क्रिप्टर्स उघडून बघा, ते फुकट मिळतात, त्यात कोहिअरन्स अँड कोहिजनखाली स्पष्ट लिहिलंय की असे जोडशब्द यांत्रिकपणे किंवा गरजेपेक्षा जास्त वापरणं हे खालच्या बँडचं लक्षण आहे, वरच्या बँडला तर जोडकाम लक्षातच येऊ नये अशी अपेक्षा असते. म्हणजे पैसे देऊन आपण उलटी सवय लावून घेतोय!

टेम्प्लेट हा दुसरा डोक्याला ताप. पॅकेजमध्ये बँड नाइन टेम्प्लेट म्हणून एक फाइल येते, इन टुडेज मॉडर्न वर्ल्ड पासून सुरू होणारी, मधे गाळलेल्या जागा, विषय भरा आणि एसे तयार. वधू-वर मेळाव्याच्या फॉर्मसारखं, नाव बदललं की माणूस बदलला. वाचणाऱ्या एक्झामिनरने असले किती वाचले असतील विचार करा. शिवाय 250 शब्दांतले साठ-सत्तर शब्द टेम्प्लेटचेच झाले की आपला मुद्दा मांडायला जागा उरते किती, आणि टास्क रिस्पॉन्स म्हणजे प्रश्नाचं उत्तर दिलंय का हा तर टास्क टूचा, म्हणजे एसेचा, पहिला निकष. प्रश्न विचारतो की फायदे तोट्यांपेक्षा जास्त आहेत का, आणि टेम्प्लेटवाला एक परिच्छेद फायदे एक परिच्छेद तोटे लिहून शेवटी दोन्ही बाजू महत्त्वाच्या आहेत म्हणून घरी जातो. अरे पण जास्त काय ते सांगितलंस कुठे? हे मशीनला कळत नाही. मी मुद्दाम विषयाला सोडून पण ग्रामर चकाचक असा एक एसे टाकून बघितला, त्यालाही घसघशीत बँड दिला.

तिसरं म्हणजे त्याचं सुधारित व्हर्जन. आपला एसे टाकला की बाजूला बँड नाइनचं रूप लिहून देतो. वाचायला सुंदर, पण त्यात माझं काहीच नाही, मुद्दे पण बदललेले, उदाहरणं पण बदललेली. मी लिहिलेल्या वाक्यात काय चुकलं आणि ते मला झेपेल असं कसं लिहायचं हे हवं होतं. नववारी नेसायला शिकायला गेले तर दुकानदाराने शिवलेली हातात दिली असं म्हणायचा मोह होतोय पण राहू दे, एक उपमा बास झाली.

आणि एक बारीक गोष्ट जी बारीक नाहीये. यांच्या एसे लिहायच्या चौकटीत ब्राउझरचं स्पेलिंग चेक चालू राहतं, चुकलं की लाल रेघ येते आणि आपण नकळत दुरुस्त करत जातो. कॉम्प्युटरवरच्या आयईएलटीएसमध्ये शब्द मोजून दिसतात पण स्पेलिंग चेक नसतं. म्हणजे महिनोन्महिने लाल रेघेच्या भरवशावर सराव आणि टेस्टच्या दिवशी रेघ गायब. सेटिंगमध्ये जाऊन स्वतः बंद करा, मोबाइलवर तर लिहूच नका, तिथे ऑटोकरेक्ट आपल्यापेक्षा जास्त लिहितो.

माणसाकडून एसे तपासून घ्यायचे काही क्रेडिट मिळतात, तो दीड स्टार त्याचा. एक चेकर खरंच चांगली होती. तिने माझ्या टास्क वनवर (रायटिंगमधला पहिला, छोटा भाग) फक्त एकच गोष्ट लिहिली, ओव्हरव्ह्यू कुठे आहे. बाकी लाल पेन नाही, काही नाही. ॲकॅडमिक (युनिव्हर्सिटीसाठी देतात तो आयईएलटीएसचा प्रकार) टास्क वनला ग्राफमधला एकेक आकडा वाचून दाखवायचा नसतो, सगळ्यात मोठा बदल काय, काय वाढलं काय घटलं, हे एक-दोन वाक्यांत स्पष्ट आलं पाहिजे आणि ते नसेल तर टास्क अचिव्हमेंटला 7 विसरा. जनरल हा दुसरा प्रकार देणाऱ्यांना तिथे पत्र असतं, त्यात पत्र कशासाठी लिहितोय आणि सूर कसा आहे हे बघतात, मित्राला लिहिताना डिअर सर छाप भाषा आली की गेलं. तिनेच वेळेचं पण बसवून दिलं, 60 मिनिटांत 20 टास्क वनला आणि 40 टास्क टूला, कारण टास्क टूचं वजन दुप्पट आहे, आणि त्या 40 मधली पहिली पाच मिनिटं कीबोर्डला हात लावायचा नाही, फक्त मुद्दे ठरवायचे. हे ऐकायला वेळ वाया घालवल्यासारखं वाटतं पण नंतर मधेच अडकून परिच्छेद पुसायची वेळ येत नाही.

पण चेकर निवडता येत नाही! पुढचा एसे दुसऱ्याकडे गेला आणि त्याने गुड एफर्ट, वर्क ऑन व्होकॅब्युलरी एवढं लिहून परत पाठवला, तेही सांगितलेल्या वेळेच्या बऱ्याच नंतर. तक्रार केली तर सपोर्टकडून उत्तर आलं की सगळे चेकर सर्टिफाइड आहेत. असतील बाई.

टोफेल ही अशीच आणखी एक इंग्रजीची परीक्षा देणाऱ्यांसाठी एक इशारा, यांच्या टोफेल विभागात मी उत्सुकतेपोटी डोकावले तर स्पीकिंगचे जुने चार टास्कच ठेवलेत. टोफेल आयबीटी 21 जानेवारी 2026 पासून बदललीये, आता स्पीकिंगला ऐकून तसंच परत म्हणायचं आणि इंटरव्ह्यूसारखे प्रश्न असं आहे, रायटिंगला वाक्य जुळवणं, ईमेल आणि चर्चेला उत्तर, स्कोअरही 1 ते 6 मध्ये. कुठलंही पॅकेज घेताना हे आधी तपासा, जुना माल अजून सर्रास विकला जातोय.

रायटिंगचे पैसे वाचवून मग करायचं काय, तर डिस्क्रिप्टर्स घ्या, ऑफिशियल साइटवर बँडसकट सॅम्पल उत्तरं आहेत आणि त्याखाली एक्झामिनरची टिप्पणी असते की याला 5.5 का, त्याला 7 का. आधी टिप्पणी झाकून स्वतः बँड द्या आणि मग बघा. कंटाळवाणं आहे पण चार-सहा केले की स्वतःच्या एसेत तीच खोट दिसायला लागते. आणि लिहिलेलं इंग्रजी नीट येणाऱ्या एखाद्या माणसाला नुसतं वाचायला द्या, कुठे अडखळला तेवढंच विचारा. एआय चेकरचा उपयोग करायचाच तर आर्टिकल, अनेकवचन, क्रियापदाचा काळ असल्या ठोस चुका शोधायला करा, ते त्याला जमतं. बँड विचारू नका त्याला.

ज्यांची टेस्ट झालीये आणि फक्त एकच सेक्शन अडकलाय त्यांनी नवीन पॅकेज घ्यायच्या आधी वन स्किल रीटेक बघा, कॉम्प्युटरवर दिलेली असेल तर मूळ टेस्टपासून 60 दिवसांच्या आत एकच सेक्शन परत देता येतो, फक्त सगळीकडे ती सोय नाही आणि सगळ्या संस्था तो निकाल मान्य करत नाहीत, ज्यांच्याकडे अर्ज करणार त्यांना आधी विचारा. तेवढ्या दिवसांत स्पीकिंग सुधारायचं असेल तर चार-पाच लाइव्ह मॉक पुरतात असं मला वाटतं. रायटिंग एवढ्यात हलेल का हे तुम्ही आत्ता कुठे आहात त्याच्यावर आहे, ग्रामर कच्चं असेल तर नाही, नुसता ओव्हरव्ह्यू किंवा प्रश्न नीट न वाचण्याचा घोळ असेल तर हो.

आणि घेणारच असाल तर कॉम्बोवर क्लिक करू नका, तो सगळ्यात मोठ्या अक्षरात आणि बेस्ट व्हॅल्यूच्या पट्टीसकट समोर येतो. सुटे लाइव्ह मॉक पण विकतात, पण ते मेन पेजवर दिसत नाहीत, मी घेतलं त्या साइटवर तरी असं आहे, तुमच्याकडे असंच काही असेल तर लॉगिन करून प्रोफाइलमध्ये जा, पेमेंटच्या खाली ॲड क्रेडिट्स म्हणून बारीक लिंक आहे, तिथे स्पीकिंग ओन्ली निवडा. आणि तिथेच ऑटो रिन्यूची टिक आधीपासून लावलेली असते, ती काढा.